इझाबेलबायचा कौल

काशिनाथ मास्तरांनी इझाबेल मेंडिसला पहिल्यांदा पाहिले ते खाजणवाडीच्या जत्रेदिवशी, १९५१ साली, तरीच्या धक्क्यावर. होडीतून माणसे उतरत होती आणि ती उंडीच्या झाडाखाली उभी राहून त्यांच्याकडे टक लावून बघत होती. उंच, हाडापेराने मजबूत बाई. अंगात फुलाफुलांचा झगा, झग्याला दोन मोठे खिसे. होडीतून कुणी उतरले की मधूनच ती डाव्या खिशातला एक चिंचोका काढून उजव्या खिशात टाकी.

सगळ्यांसाठी नाही, हे मास्तरांना खटकले. सात माणसांचे एक कुटुंब उतरले, बाईने हात हलवला नाही. मागून काठी टेकत एक म्हातारी आली, तर चिंचोका या खिशातून त्या खिशात गेला. मास्तर वालावलचे, इथे बदलून येऊन दोन महिने झालेले, आणि त्यांचा विषय गणित. नियम सापडला नाही की त्यांना चैन पडत नसे. अर्धा तास ते तिथेच ताटकळले, पण नियम काही सापडला नाही.

त्यात ती माणसांना परत पाठवत होती. "तुमी हंयसर रवा नकात. त्या वाडीत यशोदेकडे जावा, सांगा इझाबेलान धाडल्यान." देवळापासून दोनशे पावलांवर स्वतःचे घर असताना ही बाई लोकांना मैलभर लांब का पाठवते? दारूबंदी नुकतीच कडक झाली होती, गोव्याची हद्द फार लांब नव्हती, आणि बाईचे माहेर गोव्यातले, एवढे मास्तरांना कळले होते. बाकीचे त्यांनी मनातच जुळवले. हद्दीवरच्या इन्सुलीच्या नाक्यावरून काय काय येते याच्या गोष्टी तेव्हा शाळेतली पोरेसुद्धा सांगत.

पुढच्या वर्षी शाळेच्या एका खोलीत टपाल कार्यालय आले आणि त्याचे काम मास्तरांच्याच गळ्यात पडले. इझाबेल कार्डे घ्यायला आली तेव्हा त्यांनी धीर करून विचारले, "इझाबेलबाय, जत्रेला तुम्ही धक्क्यावर काय मोजत होता?"

"वळकट्यो."

"वळकट्या?"

"मगे काय माणसां मोजू? माणसां मोजून काय करतलंय? ज्याच्या काखेत वळकटी आसा तो रात रवतलो. ज्याच्याकडे नाय तो ओटी भरून सांजवेळा परत. गाव फुकट घाबरता, पाच हजार इले, पाच हजार इले म्हणून. निजूक जागा किती जणांक होयी ता बघूचा."

त्या सात जणांच्या कुटुंबाकडे वळकटी नव्हती. म्हातारीकडे होती. नियम इतका सरळ निघाल्यावर मास्तरांना थोडी लाज वाटली. पण गोष्ट इतकी सरळ कशी, हाही संशय आलाच. तो त्यांचा स्वभाव होता. उत्तर बरोबर आले तरी रीत बघितल्याशिवाय ते गुण देत नसत.

इझाबेलचा नवरा डॉमिंगो बोटीवर तारवटी, म्हणजे खलाशी होता. तो परमुलखातल्या कुठल्याशा बंदरात तापाने गेला. मुलगी रोझालिना मालवणला मावशीकडे राहून शिकत होती. घरात ही एकटी, म्हणून जत्रेकरूंना ओटी मोकळी करून द्यायची. ख्रिस्ती घर, त्यामुळे तिने विहिरीवर एक घागर आणि एक दोर वेगळाच ठेवला होता. त्यांना ती स्वतः वर्षभर शिवत नसे. अंगणात तीन दगडांच्या चार चुली मांडलेल्या असत, ज्याचे त्याने रांधून खावे. कुणी कुठे राहावे हे मात्र ती ठरवी. गुडघे धरलेल्यांना देवळाजवळ जागा, कारण त्यांना चालवत नाही. लेकुरवाळीला लांबच्या वाडीत, कारण दशावताराचा मृदंग पहाटेपर्यंत वाजतो आणि मूल झोपत नाही. नवीन लग्न झालेल्यांना खाडीकाठच्या मांगरात, शेतातल्या एकट्या खोपीत. "देवी तांकां बघीतच. तांकां खंय देवीक बघूक येळ आसा?" असे ती त्यांच्या तोंडावर म्हणे.

आता खाजणवाडीच्या पावणाईच्या जत्रेची एक रीत सांगितली पाहिजे. या जत्रेची तारीख पंचांगात नसते. पौषात एका सकाळी गावचे मानकरी देवळात जमतात आणि गुरव देवीला कौल लावतो. पाषाणावर ओल्या पाकळ्या चिकटवायच्या, एकेक तारीख विचारायची. उजवी पाकळी पडली की देवीचा होकार. वार मात्र नेहमी रविवारच. कौल होईपर्यंत तारीख कुणालाच ठाऊक नसते आणि ठाऊक असणे हाच गुन्हा. मुंबईतले हजारो चाकरमानी डोळ्यांत तेल घालून गावच्या कार्डाची वाट बघत, कारण रजा आणि बोटीची तिकिटे दोन्ही त्या तारखेवर अडलेली.

तेव्हा गुरव होता बाबली. पस्तिशीचा, बारीक चणीचा, गावात कुणाचेही काम अडले की हाकेला ओ देणारा. रोज सकाळी तो इझाबेलच्या मागच्या दाराला जाई, कारण देवीला लागणारी अबोली तिच्या परसात होती. ओंजळभर फुले तोडायला किती वेळ लागतो याचा मास्तरांना अंदाज होता. बाबलीला त्याच्या तिप्पट लागे, हे त्यांनी शाळेच्या खिडकीतून पाहून ठेवले होते.

१९५४ च्या जानेवारीतली गोष्ट. अकरा तारखेला, सोमवारी, इझाबेलने सहा कार्डे पेटीत टाकली. सगळी मुंबईची, तिच्या नेहमीच्या जत्रेकरूंना. शिक्का मारताना मास्तरांची नजर एका कार्डावर पडली. कार्ड उघडेच असते, आणि गावचा पोस्टमास्तर ते वाचत नाही असे कुणी धरूनही चालत नाही. दत्ताराम परब, गिरगाव, यांच्या नावचे ते कार्ड होते. अक्षर मोठे, पहिलीतल्या मुलासारखे. मजकूर तीन ओळींचा:

"बाबलीने कौल लावला. रविवार ता. १४ फेब्रुवारी पासून जागा आहे. वळकटी आणावी."

मास्तरांनी ते दोनदा वाचले. देवळात कौल व्हायला अजून तेरा दिवस होते.

सहाही कार्डांवर तोच मजकूर. त्यांनी शिक्के मारले आणि थैली बंद केली. स्वतःला सांगितले, बाईने काहीतरी अंदाज केला असेल. पण चोवीस तारखेला कौल झाला. बाबलीने देवळाच्या पायरीवर येऊन सांगितले, "देवीन चवदा फेब्रुवारी दिल्यान," आणि गर्दीत उभ्या असलेल्या मास्तरांना ते कार्ड आठवले.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर ते मुख्य मानकरी परशुराम परब यांच्याकडे गेले. सारा गाव त्यांना भाई म्हणे. भाईंनी पान जुळवता जुळवता सगळे ऐकून घेतले. एकदाच विचारले, "‘लावला’ असाच लिवलेला आसा? नक्की?"

"लावला. कौल लावला. पुल्लिंगी." मास्तरांनी व्याकरणासकट साक्ष दिली.

"म्हणजे देवीचोच." भाईंनी पान तोंडात न घालता खाली ठेवले. "कुणाक बोलू नकात. दत्ताराम माझो पुतणो. ता कार्ड घेऊन येवक सांगतंय. बाबलीक आता कळलां तर तो फाटे फोडतलो."

बाबलीला एवढेच सांगण्यात आले की तारीख बाहेर फुटली अशी तक्रार आहे. जत्रेआधी, शुक्रवारी बारा तारखेला, देवळात निवाडा होईल, आणि तोवर त्याने देवीच्या नारळाला हात लावायचा नाही. दोष ठरला तर सेवा त्याच्या चुलत घराकडे जाईल. सात पिढ्यांची सेवा होती. बाबलीने कारण विचारले, ते कुणी सांगितले नाही. तो रोज देवळाबाहेरच्या पायरीपर्यंत येई, आत चुलतभाऊ पूजा करताना बघे आणि परत जाई. फुलांना जाणेही त्याने सोडले. मास्तरांना खिडकीतून परस रिकामा दिसे, आणि ते रिकामे परसही त्यांना संशयास्पद वाटे. घाबरला, म्हणून जात नाही.

बारा तारखेला सकाळी देवळाचा सभामंडप भरून गेला. दत्ताराम परब आदल्या दिवशीच्या बोटीने उतरला होता. पॉपलिनच्या शर्टाच्या खिशात कार्ड, आणि आपण कशाला आलो हे न कळल्याचा चेहरा. इझाबेलला बोलावणे गेले होते. ती मंडपाच्या बाहेर तुळशीपाशी उभी होती, कोपरापर्यंत पीठ लागलेले, कारण दुसऱ्या दिवशी त्यांच्या कपेलाचे, म्हणजे छोट्या चर्चचे फेस्त होते आणि घरात अठरा पाहुणे.

भाई म्हणाले, "बाबली, देवीच्या पायरीर हात ठेव आणि सांग. चोवीस तारखेच्या आधी तू कौल लायलंस काय नाय?"

बाबलीने पायरीवर हात ठेवला. "चोवीसच्या आधी?" त्याने थोडा विचार केला. "होय. लायलंय."

मंडपात एकदम कुजबुज उठली. भाईंनी हात वर केला. "कबूल करतंस?"

"त्यात कबूल काय करूचा? नाताळात लायलंय. दोन दिस लागले."

"दोन दिस?"

"मगे? साडेचारशे होते. एकट्यान वर चढवायचे, एकट्यान बसवायचे. सात फुटले."

कुणी हसले नाही, कारण कुणालाच काही कळले नाही. भाईंचा चेहरा लाल झाला. "देवीच्या दारात मस्करी करतंस? मास्तरानू, ता कार्ड वाचा."

मास्तरांनी दत्तारामकडून कार्ड घेतले आणि वर्गात धडा वाचावा तसे स्वच्छ वाचले. बाबलीने कौल लावला. शब्द स्वतःच्या तोंडून, मोठ्याने, बाबलीच्या साडेचारशेच्या पाठोपाठ बाहेर पडले आणि त्याच क्षणी मास्तरांनी ती ओळ पुन्हा मनात वाचली.

तुळशीकडून आवाज आला, "खंयच्या देवीचो कौल? माझ्या पडवीचो!"

सगळे वळले.

"मागल्या पडवीर माडाची चुडतां होती, ती काढली. मंगळुरी कौल घातलो, नवो. मचव्यान इलो. बाबल्या नाताळात येऊन बसवन गेलो, इचारा शेजाऱ्यांक. खाडीच्या अंगाक आसा, रस्त्यार दिसणा नाय. पावसाची भीती नाय, वीस माणसां निजतली, म्हणून लिवलंय. ह्यात माझा काय चुकला?"

"गो, पण कौल लावला कसो?" भाई ओरडले. "घरार ती कौलां! कौलां लायली!"

"आमी नळो म्हणतो. एक नळो, धा नळे. तुमचो कौल तसोच नाय?"

तेव्हा कुठे मंडपात हशा झाला. इझाबेल गोव्याच्या शाळेत रोमी लिपीत शिकलेली. देवनागरी ती रोझालिनाच्या पहिलीच्या पुस्तकावरून शिकली होती. मंगळुरी कौले गावात नवी, शब्दही तिला नवा. तिने त्याला नळ्याचे लिंग देऊन टाकले होते, आणि एका मात्रेच्या व एका वेलांटीच्या चुकीने घराचे छप्पर देवीच्या दारात जाऊन उभे राहिले होते.

पण भाई कच्च्या गुरूचे चेले नव्हते. हशा ओसरू दिला आणि म्हणाले, "ठीक. कौल पडवीचो. मग तारीख? चवदाच कशी लिवलंस? बाबलीन सांगल्याशिवाय?"

बाबली तिच्याकडे बघत होता.

"उद्या तेरा, आमचा फेस्त," इझाबेल म्हणाली. "माझ्या घराकडे जावन बघा, पाय ठेवूक जागा नाय. पावणे आयताराक जातले. मगे जागा चवदापासून नाय तर कवापासून? ‘पासून’ लिवलंय मा? मास्तरानू, लिवलंय काय नाय?"

"लिहिलंय," मास्तर म्हणाले.

फेस्ताची शाळेला सुट्टी त्यांनीच फळ्यावर लिहिली होती. ‘पासून’ त्यांनी तेव्हाही वाचले होते, पण जत्रा दीड दिवसाची, म्हणून त्यांना ते त्यातच बसते असे वाटले होते. संशय एकदा बसला की प्रत्येक शब्द त्याला जागा करून देतो, हे त्यांना आता दिसत होते.

"पण ह्या कार्डाची बातमी कोणी दिल्यान?" गर्दीतून कुणीतरी विचारले. भाई खाली बघू लागले. ते नाव सांगणार नव्हते. तो मोठेपणा त्यांच्यात होता.

मास्तर पुटपुटले, "मी."

"काय?" इझाबेल म्हणाली.

"मी सांगितलं."

"मोठ्यान सांगा, मास्तरानू. वर्गात सांगतास तसा. बाबल्या अठरा दिस पायरीर बसलो, ता सगळ्यांनी बघल्यानी. ह्या पण सगळ्यांनी आयकूदेत."

मास्तर उठून उभे राहिले. पुढच्या आयुष्यात त्यांनी पुष्कळ भाषणे केली, पण इतके अवघड एकही नव्हते. ते म्हणाले, "कार्ड मी वाचलं. मला विचारायला हवं होतं, बाईंना किंवा बाबलीला. दोघंही रोज समोर होती. मी विचारलं नाही, परस्पर भाईंकडे गेलो. बाबलीचा दोष नाही. चूक माझी."

भाईंनी चुलतभावाच्या हातातून नारळ घेतला, स्वतः पायरी उतरून खाली आले आणि बाबलीच्या हातात दिला. बाबलीने तो कपाळाला लावला आणि गाभाऱ्यात गेला. आतून पाण्याचा आवाज आला. तो पाषाण पुन्हा धूत होता.

त्या वर्षीच्या जत्रेला कधी नव्हे इतकी माणसे आली. सहा कार्डांवरून गिरगावातल्या सहा चाळींना तारीख दोन आठवडे आधी समजली होती आणि ती तारीख खरी ठरल्यामुळे सगळ्यांनी आधीच तिकिटे काढून ठेवली होती. रविवारी सकाळी इझाबेल धक्क्यावर होती. नऊ वाजता तिने निरोप धाडला: साडेतीनशे वळकट्या झाल्या, धर्मशाळा भरली, मास्तरांनी शाळा उघडावी. मास्तरांनी बाके बाहेर काढली. दुपारी तिने त्यांच्याकडे सत्तावीस माणसे पाठवली, त्यात एकही लेकुरवाळी नव्हती.

बाबली मास्तरांशी पहिल्यासारखा बोलायला लागला ते पुढल्या पावसाळ्यात. तोवर तो कार्ड घ्यायला आला तरी पैसे खिडकीत ठेवी आणि वर बघत नसे. मास्तरांनी तेही देणे चुकते केल्यासारखे सोसले.

यानंतर इझाबेल आपली कार्डे पेटीत टाकण्याआधी मास्तरांपुढे ठेवू लागली. "बघा. कोणाक फाशी जायत अशा काय नाय मा?" मास्तर काना-मात्रा दुरुस्त करीत. असे सात वर्षे चालले. १९६१ च्या जानेवारीत तिच्या कार्डावर तारीखच नव्हती, नुसते "जागा आहे" एवढेच. मास्तर सहज म्हणाले, "यंदा तारीख नाही? त्या वर्षी फेस्तामुळे बरी जुळली होती."

ती खिडकीला टेकली. भाई आदल्या पावसाळ्यात वारले होते. "फेस्तामुळे लिवलंय, ता खराच," ती म्हणाली. "पण मास्तरानू, तुमी गणित शिकयतास. मोजा. चोवीसाक कौल. एकतीसाक जत्रा धरली तर मुंबयचे पोचतले कशे? सातेक न् एकवीसाक सकाळची वहटी, तरीर गुडघाभर चिखल, होडी लागणा नाय. अठ्ठावीसाक शिवरात जवळ, सगळे कुणकेश्वराक. रवला काय?"

"चौदा," मास्तर म्हणाले.

"मानकरी भरती बघूनच तारखो काढतत, मगे देवीक इचारतत. धक्क्यार उभ्या रवलेल्याक ह्या समाजता. बाबल्यान कशाक सांगूक होया?"

"म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं! मग त्या दिवशी मंडपात हे का नाही सांगितलंत?"

"सांगले असते तर देवीच्या कौलार कोणी काय म्हटल्यान असता? आणि बाबल्याची सेवा रवली असती?" तिने कार्डे पुढे सरकवली. "शिक्को मारा."

मास्तरांनी शिक्के मारले. म्हणजे त्यांचा संशय अगदीच निराधार नव्हता, फक्त तो भलत्याच माणसावर गेला होता. यातून समाधान मानावे की नाही हे त्यांना ठरवता आले नाही. त्या संध्याकाळी त्यांनी जुने पंचांग काढून १९५४ च्या भरत्या ताडून पाहिल्या. सगळ्या बरोबर निघाल्या. रीतही बरोबर होती. ही गोष्ट त्यांनी बाबलीला कधी सांगितली नाही.

इझाबेलबाय आता मालवणात रोझालिनाकडे राहते. डाव्या कानाने तिला ऐकू येत नाही, आणि रोज सकाळी चर्चमध्ये साडेसहाच्या मिसेला ती चालत जाते.